१८६५ ची मुंबई : तारणच पोकळ निघालं तेव्हा

कापसाचा भाव पडला आणि मुंबई बुडाली, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. भाव पडल्याने व्यापारी बुडाले. बँक ऑफ बॉम्बे बुडाली ती तारणापायी.

अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या मुंबईकडे वळल्या. युद्धाच्या काळात शहरात नेहमीपेक्षा सुमारे ८१ दशलक्ष पौंड जास्त आले, असा हिशोब मांडला जातो. एवढा पैसा गुंतवायला जागा नव्हती, म्हणून कंपन्या निघत गेल्या. जानेवारी १८६५ मध्ये ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. समुद्र बुजवून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे भरणी कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. समुद्र मात्र होता तिथेच होता.

बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, सरकारी भागीदारीतली. १८६२ मध्ये नोटा काढण्याचा तिचा हक्क गेला. १८६३ च्या कायद्याने बंधनं सैल झाली आणि कंपन्यांचे शेअर तारण म्हणून चालू लागले. खरी मेख इथे आहे. शेअरची पूर्ण रक्कम एकदम भरायची नसे, कंपनी हप्त्याहप्त्याने मागायची. समजा, १०० रुपये भरलेला शेअर बाजारात ३०० ला आहे. बँकेने त्यावर १५० दिले; कागदावर निम्मं मार्जिन, म्हणजे भाव निम्म्यावर येईपर्यंत बँक सुरक्षित. कर्जदार त्या १५० चे आणखी शेअर घेतो, भाव ३५० होतो, आणि तारण वधारलं म्हणून पुन्हा कर्ज मिळतं. म्हणजे तारणाचा भाव बँकेच्याच पैशाने फुगलेला. तो ६० वर आला की ९० रुपये उघडे पडतात. त्यात शेअर बँकेने स्वतःच्या नावावर करून घेतला असेल, तर उरलेल्या हप्त्यांची मागणीही तिच्याच दारात येते! बरीच कर्जं तर नुसत्या प्रॉमिसरी नोटेवर (पैसे परत देण्याच्या लेखी वचनावर), शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाखातर गेली होती.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा सेनापती जनरल ली शरण गेला; युद्ध संपत आलं आणि कापसाचा भाव कोसळला. शेअरच्या वायद्यांची (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याच्या करारांची) मुदत १ जुलैला संपत होती. त्या दिवशी प्रत्येकाचं देणं दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर अवलंबून होतं, आणि पहिला पैसा काढायला कोणीच तयार नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही बडी वित्तपेढी कोसळली, तेव्हा उरलीसुरली पतही गेली.

१८६८ मध्ये बँक मोडीत काढून त्याच नावाची नवी उभी केली, चौकशी आयोग बसला. १८७६ च्या कायद्यात कोणतं तारण चालेल याची यादीच घातली. नुसत्या वैयक्तिक जामिनावर पैसे द्यायचे, तर एकाच पेढीतले भागीदार नसलेल्या किमान दोघांच्या सह्या लागू लागल्या.