रेडिओ फर्स्ट टर्मर

रेडिओ फर्स्ट टर्मर हे व्हिएतनाम युद्धाच्या काळात, जानेवारी १९७१ मध्ये, सायगॉनमधून अमेरिकी सैनिकांसाठी चालवले गेलेले विनापरवाना, भूमिगत नभोवाणी केंद्र होय. सैन्यातील पहिलीच मुदत पुरी करत असलेला जवान तो ‘फर्स्ट टर्मर’. सैन्यातच आयुष्य काढायला निघालेल्या ‘लायफर’ मंडळींशी त्याचे फारसे पटत नसे आणि केंद्र कोणाच्या बाजूचे आहे हे नावातच उघड होते.

अधिकृत प्रसारण ‘अमेरिकन फोर्सेस व्हिएतनाम नेटवर्क’कडे होते. त्याच्या एका वृत्तनिवेदकाने जानेवारी १९७० मध्ये दूरचित्रवाणीवर बातम्या देतानाच, येथे बातम्यांना कात्री लावली जाते, असे सांगून टाकले. त्यानंतर त्याला निवेदनावरून हटवण्यात आले. उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईहून निवेदिका त्रिन्ह थी न्गो, म्हणजे सैनिकांच्या बोलीतील ‘हनोई हॅना’, याच सैनिकांना उद्देशून इंग्रजीत बोलत असे, पण तो शत्रूचा आवाज होता. वरिष्ठांचा नव्हे आणि शत्रूचाही नव्हे, असा आपल्यातल्याच कुणाचा आवाज फर्स्ट टर्मरने ऐकवला, आणि हेच त्याचे खरे महत्त्व.

‘डेव्ह रॅबिट’ हे टोपणनाव घेतलेला हवाई दलातील एक सार्जंट मुख्य निवेदक होता आणि त्याला दोन साथीदार होते. त्याच्या नंतरच्या कथनानुसार स्टुडिओ शहरातील एका वेश्यागृहात होता आणि २१ दिवसांत मिळून ६३ तास, म्हणजे सरासरी रोज तीन तास, प्रक्षेपण झाले. स्टेपनवुल्फ, आयर्न बटरफ्लाय अशा वाद्यवृंदांचे कर्कश रॉक संगीत, युद्धावर आणि अधिकाऱ्यांवर बोचरी टीका, अमली पदार्थांविषयी आडपडदा न ठेवता केलेली बडबड, असा मजकूर असे. सैनिकांच्या शौचालयांच्या भिंतींवर खरडलेली वाक्येही निवेदक वाचून दाखवी. ही वाक्ये बहुतेक अश्लील आहेत. तरी वरिष्ठांसमोर तोंड मिटून राहणारा जवान एकांतात काय लिहीत होता, हे त्यांतून जसे कळते तसे लष्करी अहवालांतून कळत नाही, म्हणून अभ्यासकाने ती वगळू नयेत.

१९६९ मध्ये पाच लाखांच्या वर गेलेले अमेरिकी सैन्यबळ हे केंद्र चालले तोवर बरेच घटले होते. माघार सुरू असलेल्या युद्धात मरण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, ही जवानांची भावना या काळात तीव्र होती.

सैनिकांनी ध्वनिफितींवर उतरवून घेतलेला थोडाच भाग आज उपलब्ध आहे. त्याच्या प्रती वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिल्या. रॅबिट स्वतः २००६ मध्ये लोकांसमोर आला.