कल्चरॉलॉजी अर्थात संस्कृतीविज्ञान

कल्चरॉलॉजी म्हणजे संस्कृतीचा शास्त्रीय अभ्यास. यातलं मुख्य म्हणणं असं की संस्कृतीतल्या गोष्टींची कारणं संस्कृतीतच शोधायची, वंशात किंवा एखाद्याच्या स्वभावात नाही. भाषा, अवजारं, कायदे, नातीगोती, श्रद्धा हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि जन्मणारं प्रत्येक मूल त्यात आयतं येऊन पडतं.

हा विषय नेटाने उभा केला तो मिशिगन विद्यापीठातल्या लेस्ली व्हाइट (१९००–१९७५) या मानववंशशास्त्रज्ञाने. त्यांचं एक उदाहरण फार नेमकं आहे, चर्चमधलं पवित्र पाणी आणि साधं पाणी लॅबमध्ये तपासलं तर काहीच फरक निघत नाही, फरक असतो तो माणसांनी त्याला दिलेल्या अर्थाचा, आणि तो अर्थ डोळ्याने दिसत नाही, नाकाला कळत नाही, कोणीतरी सांगावाच लागतो. असे अर्थ देण्याची ताकद म्हणजेच संस्कृतीचं मूळ, असं ते म्हणायचे.

१९४३ मध्ये त्यांनी ऊर्जेचा नियम मांडला, दरडोई वर्षाला किती ऊर्जा वापरली जाते आणि ती वापरायची साधनं किती कार्यक्षम आहेत यावर संस्कृतीची वाढ ठरते. तंत्रज्ञान पायाशी, त्यावर समाजरचना, त्याच्यावर विचार आणि श्रद्धा.

या मांडणीतला सगळ्यात पटणारा भाग मात्र शोधांचा आहे. कॅल्क्युलस ही गणिताची शाखा न्यूटन आणि लाइबनिट्स दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधली, डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे लेख १८५८ मध्ये एकत्रच वाचले गेले, आणि टेलिफोनसाठी बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे कागद १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात पोचले. ऑगबर्न आणि थॉमस या समाजशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये असे एकाहून जास्त जणांनी स्वतंत्रपणे लावलेले तब्बल १४८ शोध नोंदवले. आधीचं ज्ञान एका टप्प्यापर्यंत साचलं की पुढचा शोध कोणाच्या ना कोणाच्या हातून लागतोच, हे यातून स्वच्छ दिसतं.

पण म्हणून माणूस हा संस्कृतीचा नुसता वाहक, इथपर्यंत जाणं जास्तच होतं. सारखं तंत्रज्ञान असलेल्या दोन समाजांत देवधर्म आणि लग्नाचे नियम इतके वेगळे का, याला ऊर्जेच्या हिशोबात उत्तर मिळत नाही, आणि टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलंय. अमेरिकेत या नावाने विषय फारसा रुजला नाही, रशियात मात्र सोव्हिएत काळानंतर तो विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला, तिथे त्याचा कल ऊर्जेपेक्षा तत्त्वज्ञान, इतिहास आणि साहित्याकडे जास्त आहे.