स्वतःलाच तोतया समजणारे समुपदेशक

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया आपल्याला इतिहासात भेटतो. मानसशास्त्रातला ‘इम्पोस्टर’ त्याच्या अगदी उलट असतो. प्रवेश गुणांवर मिळालेला, परीक्षा स्वतः दिलेल्या, तरी ‘आज ना उद्या माझं बिंग फुटणार’ ही धास्ती सुटत नाही. अटलांटातल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या अनुभवाला नाव दिलं. त्यांचा शब्द होता ‘फिनॉमिनन’, म्हणजे घटना. ‘सिंड्रोम’ हे शेपूट नंतर लागलं. मानसिक विकारांच्या डीएसएम यादीत तो नाही, म्हणून ‘सात दिवसांत इम्पोस्टर सिंड्रोम घालवा’ असल्या कार्यशाळांवर कृपा करून पैसे घालवू नका.

अमेरिकेत समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांमध्ये ही भावना खूप दिसते. कारण फक्त त्यांच्या स्वभावात शोधणं मला पटत नाही. ते कामातच दडलं आहे. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला कळतं. समुपदेशनात ‘घास’ महिनोन्‌महिने मिळत नाही. क्लायंट चौथ्या सेशनला आलाच नाही. बरं वाटलं म्हणून, की वैतागून? आणि बरं वाटलं तरी ते कशामुळे? माणसं बहुधा त्रास टोकाला गेल्यावर दार ठोठावतात, आणि टोकावरून थोडं खाली येणं आपोआपही घडतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती येणारा संकेत क्षीण आणि गोंगाट मोठा. अशा वेळी मन आधीच्या समजुतीकडे झुकतं: साशंक माणूस यश नशिबाच्या खात्यावर टाकतो आणि अपयश स्वतःच्या.

याच धुक्यात उलट्या बाजूची चूकही होते: फाजील आत्मविश्वासाची. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या ५५० क्लायंटपैकी ४० जणांची अवस्था शेवटी बिघडली होती. ‘हा बिघडेल’ असं भाकीत समुपदेशकांनी जेमतेम तिघांबद्दल केलं, आणि ते एकाच बाबतीत बरोबर निघालं. २०१२ च्या एका पाहणीत १२९ व्यावसायिकांपैकी एकानेही स्वतःला सरासरीखाली ठेवलं नाही. तेव्हा ‘आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. हवी आहे ती मोजपट्टी. क्लायंटने दर सेशनआधी छोटी प्रश्नावली भरली, तर आलेख खाली चालला आहे की वर, हे विद्यार्थ्याला आणि सुपरवायझरला वेळेत दिसतं.

नॉर्वेतल्या हेलेने निसेन-ली यांच्या संशोधनात मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या कामाबद्दल शंका बाळगणाऱ्या थेरपिस्टांचे क्लायंट अधिक सुधारलेले आढळले, विशेषतः तो थेरपिस्ट माणूस म्हणून स्वतःशी प्रेमाने वागत असेल तर. ‘या सेशनमध्ये माझं काही चुकलं का?’ ही शंका कामाची आहे. ‘मी मुळात इथे बसण्याच्याच लायकीचा नाही’ ही तीच शंका नव्हे.