भगतसिंग थिंड यांचा तिसरा अर्ज

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायचं ते फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती'ला, असं ठरवलं. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय माणूस यात कुठे बसतो, हे ज्या त्या न्यायाधीशाच्या मतावर राहिलं.

पंजाबातून गेलेल्या थिंड यांना डिसेंबर १९१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सैनिकी गणवेशात नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत रद्द झालं. त्यांनी शेजारच्या ऑरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. १९२० मध्ये तो मंजूर झाला. सरकार त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य लोकांच्या समजुतीत भारतीय माणूस गोरा नाही. त्यानंतर इतर भारतीयांची जुनी प्रमाणपत्रंही काढून घेतली जाऊ लागली. हा अन्याय उघडच होता. कॅलिफोर्नियातले वकील सखाराम गणेश पंडित यांनी मात्र १९१४ मध्ये मिळालेलं आपलं नागरिकत्व कोर्टात लढून राखलं. एकदा निकाली निघालेला प्रश्न सरकारला पुन्हा उकरता येत नाही, हा मुद्दा तिथे टिकला.

१९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी वंशाची अट उठली. त्या आधारावर थिंड १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नागरिक झाले. माणूस तोच होता, अर्जाचा आधार बदलला होता. सर्व भारतीयांना हा हक्क मिळायला १९४६ उजाडलं.

आजही अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज नाकारला गेला, तर नकारपत्रातलं कारण आधी वाचावं. अधिकाऱ्याचीच चूक असेल, तर निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत एन-३३६ हा फॉर्म भरून फेरसुनावणी मागता येते. तिथेही नकार आला तर १२० दिवसांत जिल्हा न्यायालयात जाता येतं. इंग्रजी किंवा नागरिकशास्त्राच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्याने नकार असेल, तर तयारी करून नवा एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरावा. शुल्क पुन्हा पूर्ण भरावं लागतं. नकार वास्तव्याच्या मुदतीमुळे असेल तर घाई अंगाशी येते: सलग वर्षभर देशाबाहेर राहिल्याने अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असेल, तर पाच वर्षं वास्तव्याची अट असलेल्या अर्जदाराला परतल्यावर साधारणपणे चार वर्षं आणि एक दिवस थांबावं लागतं. त्याआधी भरलेला अर्ज त्याच कारणाने पडतो.

जुनी फाइल नव्या अधिकाऱ्यासमोर असते. दोन्ही अर्जांतल्या प्रवासाच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून पाहाव्यात आणि तफावत असेल तर खुलासा अर्जासोबतच जोडावा.