फळमाशीतील एसआय-आरएनए आणि पाय-आरएनए: फरक लांबीचा की उगमाचा?

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना एसआय-आरएनए आणि पाय-आरएनए या पेशीतल्या दोन आखूड आरएनए-रेणूंतील फरक विचारला, की उत्तर बहुधा लांबीपाशी थांबते: पहिला २१ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांचा), दुसरा साधारण २३ ते २९. हे उत्तर चूक नाही, पण त्यावरून फळमाशीच्या जननपेशींना दुसऱ्या प्रकाराची गरज का पडते हे कळत नाही. (येथे फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर, आंब्या-पेरूच्या बागेत सापळे लावून जिचा बंदोबस्त करतात, ती माशी वेगळ्या कुळातली.)

गल्लत होण्याला कारणे आहेत. दोन्ही रेणू आर्गोनॉट कुळातील प्रथिनांना बांधले जातात आणि पूरक क्रमाचा आरएनए हेरून देतात. दोन्हींच्या शेवटच्या टोकाला हेन-१ हे विकर मिथाइल गट जोडते, त्यामुळे मायक्रो-आरएनए (तिसरा आखूड आरएनए, ज्याला हा गट नसतो) ओळखून वेगळा काढणारी परआयोडेटची रासायनिक चाचणी या दोघांना एकमेकांपासून वेगळे करायला निरुपयोगी ठरते. एसआय विषाणूंसाठी आणि पाय ट्रान्सपोझॉनसाठी (जनुकसंचात एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे डीएनएचे तुकडे), ही विभागणी परीक्षेपुरती सोयीची आहे. पण माशीच्या कायिक (जननपेशी सोडून इतर) पेशींत ट्रान्सपोझॉनविरुद्धचे एसआय-आरएनए २००८ मध्ये सापडले, तेव्हापासून ती पुरती टिकत नाही.

खरा फरक उगमात आहे. एसआय-आरएनए तयार होण्यासाठी पेशीत दुपदरी आरएनए असावा लागतो. तो दिसला, की डायसर-२ हे विकर त्याचे २१-२१चे तुकडे पाडते आणि ते आर्गोनॉट-२ ला मिळतात. डायसर-२ नसलेल्या माश्या विषाणूंना लवकर बळी पडतात, पण जगतात आणि प्रजननही करतात.

पाय-आरएनएला डायसर लागतच नाही. त्याचा कच्चा माल म्हणजे गुणसूत्रांवरच्या ठरावीक पट्ट्यांतून, ज्यांना पाय-आरएनए गुच्छ म्हणतात, निघणारा लांब एकपदरी आरएनए. या पट्ट्यांत पूर्वी कधीतरी जनुकसंचात घुसलेल्या ट्रान्सपोझॉनचे मोडके अवशेष साठलेले असतात. सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्याला ढिगाऐवजी नमुना मांडतात आणि तेवढ्यावरून माल ओळखला जातो; गुच्छातला अवशेषही तसा नमुन्यापुरताच असतो. स्वतः उडी मारण्याची क्षमता तो गमावून बसलेला असतो, पण त्याच्या क्रमावरून पेशीला त्या जातीचा जिवंत ट्रान्सपोझॉन ओळखता येतो. दुसऱ्या गुणसूत्रावरील ४२एबी हा यांतला सुप्रसिद्ध गुच्छ.

पुढचे काम पिवी, ऑबर्जिन आणि आर्गोनॉट-३ ही तीन प्रथिने करतात. ऑबर्जिनला बांधलेला पाय-आरएनए ट्रान्सपोझॉनचा संदेशवाहक आरएनए कापवतो; त्या तुकड्यातून आर्गोनॉट-३ साठी नवा पाय-आरएनए बनतो; तो उलट गुच्छातून आलेला आरएनए कापवतो आणि ऑबर्जिनला पुन्हा पहिल्यासारखाच तुकडा मिळतो. २००७ मध्ये वर्णन झालेले हे पिंगपाँग चक्र मला या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत देखणा भाग वाटतो, कारण ट्रान्सपोझॉन जितका जास्त सक्रिय होतो, तितकी त्याच्याविरुद्धची सामग्री वाढत जाते. पिवी मात्र केंद्रकात जाते आणि काहीही न कापता, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर खुणा करवून ट्रान्सपोझॉनचे लेखनच (त्याचा आरएनए बनणेच) बंद पाडते. पिवी किंवा ऑबर्जिन निकामी झाले, तर मादी वांझ होते.

उगमातल्या या फरकाचा परिणाम पी घटकाच्या संकरात दिसतो. हा ट्रान्सपोझॉन विसाव्या शतकात ड्रोसोफिला विलिस्टोनी या दुसऱ्या जातीतून या माशीत आला आणि जगभरच्या रानटी माश्यांत पसरला. कँटन-एससारख्या त्याआधी प्रयोगशाळेत आणलेल्या वाणांत तो नाही. रानटी नर आणि जुन्या वाणाची मादी यांची संतती २९ अंश सेल्सिअसला वाढवली, तर तिची जननांगे खुरटतात. रानटी मादी आणि जुन्या वाणाचा नर घेतल्यास संतती सुदृढ निघते, जरी दोन्ही संकरांत मुलींच्या केंद्रकातील डीएनए सारखाच असतो. आई अंड्यात पी घटकाविरुद्धचे पाय-आरएनए ठेवते. शुक्रपेशीतून पी घटक येतो, पण संरक्षण येत नाही. दुपदरी आरएनए मिळेपर्यंत थांबणाऱ्या डायसर-२ च्या मार्गावरून आई-बापांमधला हा भेद उलगडत नाही. (तासगावच्या द्राक्षबागेतून नर पकडून हा प्रयोग करता येईल, पण सांगलीच्या उन्हाळ्यात इन्क्युबेटरशिवाय करू नये, तापमान तिशीपार गेले, की नर एरवीही वांझ होतात आणि निष्कर्षाला अर्थ उरत नाही.)

अनुक्रमणाच्या (आरएनएंचा क्रम वाचण्याच्या) माहितीत लांबीनुसार पाहिल्यास एसआय-आरएनए २१ वर टोकदार शिखर दाखवतात, तर पाय-आरएनएचा उंचवटा पसरट असतो आणि त्यांची सुरुवात बहुधा युरिडीनने होते. पिंगपाँगची खूण म्हणजे विरुद्ध पदरांवरच्या पाय-आरएनएंच्या जोड्यांचे १० न्यूक्लिओटाइडांनी एकमेकांवर येणे. मात्र ही खूण नाही म्हणून पाय-आरएनए नाहीत, असे म्हणता येत नाही. अंडपेशीभोवतीच्या पुटकपेशी कायिक असतात, त्यांत तिघांपैकी केवळ पिवी असते आणि पिंगपाँग चालत नाही. तरीही एक्स गुणसूत्रावरच्या फ्लेमेन्को गुच्छातून निघणारे पाय-आरएनए तिथेच जिप्सीसारख्या ट्रान्सपोझॉनला रोखून धरतात, कारण जिप्सी विषाणूसारखे कण बनवून शेजारच्या अंडपेशीत शिरू शकतो. अशा नमुन्यात शंका आली, तर डायसर-२ नसलेल्या माशीत ते तुकडे टिकतात का, हे पाहावे: पाय-आरएनए असतील तर टिकतील.