समव्यावसायिक गट (शासकीय प्रकल्प व्यवस्थापन)

सरकारी प्रकल्प राबवणारे अधिकारी व अभियंते हुद्दा आणि खाते बाजूला ठेवून, स्वेच्छेने आणि विनामोबदला एकमेकांकडून काम शिकण्यासाठी जो गट चालवतात, तो समव्यावसायिक गट. नवखा माणूस जाणत्यांच्या कामात हळूहळू सामील होत शिकतो, हा जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेला विचार अशा गटांमागे आहे.

गरज मुख्यतः बदल्यांमुळे भासते. महाराष्ट्र शासनाच्या अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी २००५ च्या बदली अधिनियमानुसार तीन वर्षांचा असतो. मोठा प्रकल्प त्याहून लांबतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश हे सारे नस्तीत (सरकारी फायलीत) राहते. भूसंपादन नेमके कशाने अडले, जमिनीखालची जलवाहिनी नकाशाप्रमाणे का सापडली नाही, ठेकेदाराला मुदतवाढ देणे कसे टळले असते, हे मात्र अधिकाऱ्याबरोबरच निघून जाते. ते लेखी उतरेल ही अपेक्षाही भाबडी आहे. उद्या लेखापरीक्षकासमोर जाणाऱ्या कागदावर स्वतःची चूक कोण लिहील?

पुण्यात एकाच रस्त्यावर महापालिका, महावितरण, मेट्रो आणि २०१५ मध्ये स्थापन झालेले पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांची कामे एकमेकांना भिडतात. कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) २००६ ची, तर संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग २०१५ चा. पहिल्या मार्गावर थांबे, पादचारी आणि चौकांबाबत आलेल्या अडचणी दुसऱ्यावर काम करणाऱ्याला कळायच्या, तर पहिल्या कामावरचा उपअभियंता समोर बसलेला बरा.

शहरात बाणेर रस्त्यावरील ‘यशदा’ ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था औपचारिक प्रशिक्षण देते. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची पुणे शाखा स्वयंसेवकांच्या बळावर चालते. केंद्राच्या ‘मिशन कर्मयोगी’ या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमाने (२०२०) ऑनलाइन अभ्यासक्रमांची सोय केली. वर्गात वेळापत्रक आखायला शिकता येते. पावसाळ्यात खोदाई बंद राहणार हे धरून ते शेवटच्या तारखेपासून मागे येत कसे आखायचे, हे सहकारीच सांगतो.

वरिष्ठ हजर असले की कनिष्ठ अभियंता गप्प होतो, त्यामुळे बैठकीचे निमंत्रक आळीपाळीने बदलणे उपयोगी पडते. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांमुळे शासकीय माहिती बाहेर देण्यावर बंधने आहेत. म्हणून चालू निविदा व न्यायप्रविष्ट बाबी वगळून पूर्ण झालेल्या कामांवर बोलणे सुरक्षित ठरते.