गोव्यातील मारुती व्हॅन

मारुती उद्योग या कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेली आणि २०१९ पर्यंत बनवलेली, ७९६ घनसेंटीमीटरच्या पेट्रोल इंजिनावर चालणारी छोटी चौकोनी मोटार. १९८८ पासून तिचे अधिकृत नाव ‘ओम्नी’ झाले. गोव्यात मात्र टॅक्सीवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळे तिला व्हॅनच म्हणत आले. टॅक्सी, घरची गाडी, मासळीची गाडी, भजनी मंडळाची गाडी, रुग्णवाहिका अशी अनेक कामे तिने एकाच वेळी केली. गोव्याचे सार्वजनिक जीवन रात्री फुलते आणि गावाकडची बस संध्याकाळीच संपते. मधली ही फट तीसेक वर्षे प्रामुख्याने व्हॅनने भरून काढली, आणि तिचे खरे महत्त्व यात आहे.

पूर्वपीठिका

१९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात आयातीवर भारतातल्यासारखी बंधने नव्हती, शिवाय लोहखनिजाच्या निर्यातीतून पैसा खेळत होता. त्यामुळे युरोपी आणि अमेरिकी गाड्या पणजी-मडगावच्या रस्त्यांवर सर्रास दिसत. मर्सिडीजच्या डिझेल गाड्या तर इथे टॅक्सी म्हणून धावत आणि मुक्तीनंतरही बरीच वर्षे धावत राहिल्या. सुटे भाग मिळेनासे झाले तशा त्या एकेक करून उभ्या राहिल्या. त्यांची जागा अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीने घेतली. गाडी ही खाणमालक, डॉक्टर, वकील आणि मोठ्या भाटकारांच्या (जमीनदारांच्या) दारात दिसायची वस्तू होती. बाकीच्यांसाठी बस, फेरीबोट आणि मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा मोटरसायकलवाला.

कंपनीचा इतिहास थोडक्यात असा. संजय गांधी यांनी १९७१ साली स्थापन केलेली मारुती लिमिटेड ही कंपनी बुडाली. सरकारने १९८० मध्ये कायदा करून तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी उभी राहिली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुरुवातीला सुझुकीचा वाटा २६ टक्के होता. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांनी गुडगावचा कारखाना ठरल्या वेळेत उभा केला. सरकारी उद्योगात तेव्हा ही गोष्ट दुर्मीळच होती. १९८३ मध्ये दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. पाठोपाठ आली ती व्हॅन, म्हणजे सुझुकीच्या ‘कॅरी’ या जपानी छोट्या गाडीची भारतीय आवृत्ती. पुढे सुझुकीचा वाटा वाढत गेला, २००२ मध्ये कंपनीचा ताबा सुझुकीकडे आला आणि २००७ मध्ये कंपनीचे नाव मारुती सुझुकी इंडिया झाले.

रचना

लांबी सुमारे ३.३७ मीटर, रुंदी १.४१ मीटर. इंजिन तीन सिलिंडरचे, मारुती ८०० चेच. पण ते पुढच्या आसनांखाली बसवलेले आणि ताकद मागच्या चाकांना. तेल बघायचे किंवा प्लग साफ करायचा तर आसन उचलून मागे टाकायचे, की इंजिन समोर. बॉनेट उघडून वाकायची गरज नाही. चालक थेट पुढच्या चाकांच्या वर बसतो. त्याच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच, एवढेच. दोन्ही बाजूंचे मागचे दरवाजे सरकते, पाठीमागचा दरवाजा वर उचलला जाणारा. पाच आणि आठ आसनांच्या गाड्या, मालवाहू गाडी आणि नंतर एलपीजीवर चालणारी गाडी असे प्रकार निघाले. १९९८ आणि २००५ मध्ये चेहऱ्यात थोडे बदल झाले, हाडे तीच राहिली.

गोव्याच्या रस्त्यांना हा आकार मानवला. म्हापशाच्या बाजारामागच्या गल्ल्या, पणजीतले फोंतेन्हास, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा असलेला वाड्यावरचा रस्ता, अशा ठिकाणी समोरून दुसरी गाडी आली तरी व्हॅन कडेला घेऊन वाट देता येते. सरकत्या दारामुळे भिंतीला चिकटून थांबले तरी माणसे उतरतात. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत फेरीबोट हाच मोठा आधार होता. त्या काळात फेरीत कुठल्याही कोपऱ्यात मावणारी छोटी गाडी असणे ही सोय होती. चोडण आणि दिवाडी या बेटांवरच्या लोकांना फेरीची ही सवय नंतरही राहिली.

टॅक्सीचा काळ

१९८५ पासून दाबोळी विमानतळावर युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. कळंगुट, बागा, कोलवा इथली शॅक आणि छोटी हॉटेले वाढली आणि गावातल्या तरुणाला शेती, खाण किंवा आखाती देश यांच्याशिवाय चौथी वाट दिसली. बँकेचे कर्ज काढून टॅक्सी घ्यायची, आपणच चालवायची. या कर्जात बसणारी, पाच परदेशी पाहुणे आणि त्यांच्या बॅगा एकदम नेणारी गाडी म्हणजे व्हॅन. काळी-पिवळी व्हॅन स्टँडवर आणि पांढरी टूरिस्ट व्हॅन हॉटेलच्या दारात, हे चित्र नव्वदच्या दशकात किनारपट्टीभर पक्के झाले. टॅक्सीचे मीटर, भाडे, अ‍ॅपवरच्या टॅक्स्या यांवरचा गोव्यातला वाद मोठा आणि अजून न मिटलेला आहे. त्याची चर्चा वेगळ्या नोंदीत व्हावी. इथे एवढेच नोंदवायचे की एका गाडीवर एक कुटुंब उभे करणारा चालक-मालकांचा मोठा वर्ग गोव्यात तयार झाला, त्यात व्हॅनच्या किमतीचा आणि तिच्या कमी खर्चाचा हात होता. पुढे पर्यटकांना वातानुकूलित गाडी हवीशी झाली, तशी किनाऱ्यावरची व्हॅन मागे पडत गेली.

देऊळ, नाटक आणि भजन

किनाऱ्यावरच्या टॅक्सीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांतली व्हॅन मात्र कुणी फारशी नोंदली नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर.

गोव्याच्या हिंदू गावांत जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटक होते. पालखी, आरती, दिवजां (बायकांची दिव्यांची ओवाळणी) सगळे आटोपून नाटकाचा पडदा वर जायलाच मध्यरात्र होते, आणि भरतवाक्य पहाटे. श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह अखंड चालतो. गावोगावची पथके आपापल्या वेळी रात्री-अपरात्री तिथे पोचतात. पेडण्यात आणि डिचोलीत दशावतारी काल्याचा खेळ रात्रभर रंगतो. गावाकडच्या खासगी बसगाड्या रात्री आठच्या सुमारास बंद होतात. अशा वेळी वाड्यावर एका घरी व्हॅन असली तर तो सगळ्या वाड्याचा आधार असे. भाडे ठरवलेले नसे, पेट्रोलचे पैसे वाटून घेतले जात.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत घुमट या मडक्यासारख्या तालवाद्यावर आरत्या म्हणणारे पथक एका घरून दुसऱ्या घरी जाते, तेव्हा व्हॅन कशी भरते ते पाहण्यासारखे असते. आठ आसनांच्या गाडीत मागची दोन बाके समोरासमोर. समेळ हा ढोल आणि कांसाळी म्हणजे झांजा पायांशी, पेटी मागच्या दाराजवळ पोत्यात गुंडाळून. घुमट मात्र ज्याचे त्याच्याच मांडीवर, कारण ते मातीचे. खड्ड्यात गाडी आपटली तर तडा जातो आणि चवथीच्या ऐन दिवसांत दुसरे मढवून मिळत नाही. समोरासमोर बसल्यामुळे पुढच्या घरी कोणती आरती घ्यायची ते ठरवणे आणि अडलेले कडवे एकदा म्हणून बघणे गाडीतच होते. चवथीच्या आदल्या दिवशी हीच गाडी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचे सामान आणते: नारळाचे आणि सुपारीचे घड, कवंडळ, माट्टी, आंबाडे. फांद्या मागचे दार अर्धवट उघडे ठेवून बांधतात.

एरवी ती मासळी नेते. मासळीची व्हॅन वेगळीच असते, कारण एकदा बर्फाचे आणि मासळीचे पाणी मॅटखाली मुरले की ती गाडी पुन्हा लग्नाला नेता येत नाही. रुग्णवाहिका म्हणूनही तिने देशभर काम केले. गोव्यात २००८ मध्ये १०८ ची सेवा सुरू होण्यापूर्वी रात्री कुणाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हलवायचे तर मागचे बाक काढलेली व्हॅन हा खेड्यातला पहिला विचार असे.

मालकांचे मत

जुने मालक स्तुतीची सुरुवात खर्चापासून करतात. लिटरला चौदा ते सोळा किलोमीटर, सुटे भाग तालुक्याच्या कुठल्याही दुकानात, आणि गॅरेजमधला शिकाऊ पोरगाही क्लचची तार बदलू शकतो. विकायला काढली तर गिऱ्हाईक आठवड्यात दारात. गाडीत बसताना वाकावे लागत नाही, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचीही तिला पसंती असे. उंच बैठकीमुळे पुढचा रस्ता स्वच्छ दिसतो. चोर्ला घाटाबद्दल मात्र मते सावध आहेत. आठ माणसे घेऊन केरीहून वर चढताना गाडी दुसऱ्या गियरच्या वर येत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत आसनाखालचे इंजिन चालकाला अक्षरशः भाजते. अनमोड घाटातही तेच. या घाटांतून बेळगावला नेहमी जाणाऱ्यांनी म्हणूनच पहिल्यांदा व्हॅन बदलली.

मालक गंजाची तक्रार सर्वांत मनापासून करतात. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांत पातळ पत्रा टिकत नाही. सरकत्या दाराच्या खालच्या रुळात लाल माती आणि पाणी साचते. तिथून गंज सुरू होतो, दार अडकायला लागते आणि मग लोक ते जोरात ओढतात, त्यामुळे रूळ आणखी वाकतो. जाणते मालक मृगाच्या आधी रूळ ब्रशने साफ करून ग्रीस भरतात, गाडीखालून अंडरकोटिंग करून घेतात आणि चतुर्थीनंतर मॅट काढून तळ उन्हात वाळवतात. एवढे केलेल्या गाड्या वीस-पंचवीस वर्षे धावलेल्या आहेत.

सुरक्षिततेबद्दल मालक सहसा हळू आवाजात बोलतात, पण ते स्पष्ट सांगायला हवे. समोरून धडक बसली तर चालकाच्या पायांना वाचवणारे काहीही या गाडीत नाही. उंच, अरुंद आणि हलकी असल्यामुळे वेगात वळण घेतले किंवा मोठ्या ट्रकच्या वाऱ्यात सापडली तर ती डगमगते. चौपदरी महामार्ग होण्याआधीच्या, ताशी चाळीसच्या गोव्यात तिचा हा दोष झाकला गेला. आजच्या वेगात झाकला जात नाही. घरगुती गॅसचे सिलिंडर जोडून गाडी चालवण्याचा बेकायदा प्रकार देशभर ज्या गाड्यांमध्ये झाला त्यांतही व्हॅन होती, आणि त्यातून आगी लागल्या. प्रेमाने गाडी सांभाळणाऱ्यांनीही तिच्यात मुलांना पुढच्या आसनावर बसवू नये, असे या लेखकाचे ठाम मत आहे.

उत्पादनाचा शेवट आणि नंतर

२०१९ मध्ये एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि नवे धडक-चाचणी नियम लागू होऊ लागले. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ हे कडक नियम येणार होते. जुन्या सांगाड्यावर हे बसवणे शक्य नव्हते आणि कंपनीने ओम्नी थांबवली. त्याआधीच, जानेवारी २०१० मध्ये, त्याच घराण्यातली ईको आली होती. गोव्यातल्या बहुतेक व्हॅनवाल्यांनी पुढे तीच घेतली. इंजिन १.२ लिटरचे, घाटात दम आहे, वातानुकूलन मिळते. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत ईकोला एकही तारा मिळाला नव्हता, आणि गल्लीत वळवताना जुनी बरी होती असे मालक आजही म्हणतात.

उरलेल्या व्हॅन आता जुन्या बाजारात फिरतात. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि २०२२ मध्ये हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले. पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्यापासून कार्बोरेटरच्या गाड्यांच्या रबरी नळ्या लवकर कडक होतात, अशी तक्रार गॅरेजमध्ये ऐकू येते. नळ्या बदलणे स्वस्त आहे, मात्र वेळेवर बदलल्या पाहिजेत. जुनी व्हॅन घ्यायला जाणारे फोंड्या-म्हापशाचे गिऱ्हाईक इंजिन शेवटी बघते. आधी ते मागची मॅट उचलते, चाकाच्या वरच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकते, सरकते दार एका बोटाने पुढे-मागे करते आणि मग आसन उचलायला सांगते.